गोळीआधीचा एक तास

6 नोव्हेंबर 2021. शनिवार, भाऊबीज. पालघर जिल्ह्यातल्या वडराई गावचा एक तरुण खलाशी त्या दिवशी गावात नव्हता. गुजरातच्या ओखा बंदरातून निघालेल्या ‘जलपरी’ नावाच्या बोटीवर तो कामाला होता. बोटीवर सगळे मिळून सात जण होते. दुपारी चारच्या सुमारास पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने बोटीवर गोळीबार केला. एक जण जखमी झाला. वडराईचा तरुण गेला.

पुढे रीतसर जे व्हायचं ते झालं. पाकिस्तानी उच्चायुक्तालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात बोलावून घेऊन तीव्र निषेध नोंदवला गेला. पोरबंदरजवळच्या नवी बंदर पोलीस ठाण्यात पाकिस्तानी यंत्रणेच्या दहा अनोळखी जवानांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. वर्तमानपत्रांत चार दिवस बातम्या आल्या. मी त्यांची कात्रणं ठेवली आहेत. पाचव्या दिवसापासून त्या फाइलमध्ये घालायला फारसं काही मिळालंच नाही. माफी आली नाही. कुणाही आरोपीला कुठल्याही न्यायालयात उभं राहावं लागलं नाही.

ती फाइल बराच काळ माझ्या टेबलावर पडून होती आणि तिच्याकडे बघताना एकच प्रश्न छळत राहिला. एका देशाच्या गस्तीनौकेने दुसऱ्या देशाचा मच्छीमार मारला आणि त्याचा हिशेब अगदी शेवटपर्यंत लागला, असं जगात कुठे झालंय का? शेवटपर्यंत म्हणजे गोळी कुणी झाडली हे ठरलं, माफी मागितली गेली, शिक्षा झाली, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी काहीतरी लिहून दिलं, इथपर्यंत. शोधताना मी तैवानच्या नैऋत्य किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावर येऊन थांबलो. या लेखाचा मोठा भाग त्या बेटाचा आणि त्याच्या दक्षिणेच्या समुद्राचा आहे.

*

श्याओ ल्यूच्यू हे प्रवाळाचं बेट. क्षेत्रफळ सात चौरस किलोमीटरसुद्धा नाही. समोर तैवानच्या मुख्य भूमीवर पिंगतुंग जिल्ह्यातलं दोंगगांग बंदर. एप्रिल ते जून हा तिथल्या कोळ्यांचा सुगीचा काळ, कारण या महिन्यांत ब्ल्यूफिन ट्यूना अंडी घालायला तैवान आणि फिलिपिन्सच्या पूर्वेच्या उबदार पाण्यात येतो. आपण ज्याला कुपा म्हणतो त्याच कुळातला हा मासा, पण अंगाने कितीतरी मोठा. एकेक शेकडो किलो भरतो. हंगामातला पहिला मासा बंदरावर आला की दोंगगांगमध्ये त्याचा लिलाव म्हणजे सोहळाच असतो. घरच्या बोटीला असा एखादा मासा लागला तर वर्षाचं गणित बसतं. म्हणून बोटी दक्षिणेकडे जातात. गेल्या की थेट फिलिपिन्सच्या उंबरठ्यावर.

फिलिपिन्सचं उत्तर टोक म्हणजे बटानेस बेटं. त्यांच्या खाली बाबुयान बेटं. दोन्हींच्या मधून जाणारी बालिंतांग सामुद्रधुनी. समुद्री कायद्याप्रमाणे किनाऱ्यावरच्या प्रत्येक देशाला 200 सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि खनिजांवर हक्क सांगता येतो. इथे दोन्ही किनारे एकमेकांपासून इतके जवळ आहेत की दोघांचे 200 मैल एकमेकांवर चढतात. अशा ठिकाणी बसून बोलून मधली रेषा ठरवायची असते. पण तैवानशी असं बोलायचं कुणी? फिलिपिन्सने 1975 मध्ये बीजिंगला मान्यता दिली आणि तैपेईशी असलेले अधिकृत संबंध संपले. तेव्हापासून दोघांमध्ये राजदूत नाहीत. दोन ‘आर्थिक आणि सांस्कृतिक कार्यालयं’ आहेत आणि दूतावासाची सगळी कामं त्या नावाखाली चालतात. तिथून व्हिसा मिळतो, मजुरांचे करार होतात, व्यापार होतो. समुद्रातली सीमा ठरवणं मात्र त्या कार्यालयांच्या आवाक्याबाहेरचं होतं. वर्षानुवर्षं तो प्रश्न पाण्यावर तसाच तरंगत राहिला. बोटी येत राहिल्या, पकडल्या जात राहिल्या, दंड भरून सुटत राहिल्या.

9 मे 2013 ला सकाळी ‘ग्वांग दा शिंग 28’ ही 15 टनी बोट त्या पाण्यात होती. वर चौघे. कप्तान मुलगा, सोबत त्याचे 65 वर्षांचे वडील, घरचा जावई, आणि पगारावर घेतलेला एक इंडोनेशियन खलाशी. एका घराची बोट आणि त्यात एक परका मजूर, ही रचना आपल्या किनाऱ्यावरच्या कुणालाही ओळखीची वाटेल.

समोरून आली फिलिपिन्सच्या मत्स्यव्यवसाय खात्याची गस्तीनौका एमसीएस-3001. लांबी सुमारे 30 मीटर. नौका खात्याची, पण वरची माणसं तटरक्षक दलाची. पाठलाग झाला, गोळीबार झाला. नंतर तैवानच्या तपासनिसांनी बोटीच्या अंगावरची भोकं मोजली. ती भरली 45. त्यांतल्या एका गोळीने म्हाताऱ्या बापाचा जीव घेतला. इंजिन बंद पडलेली बोट मुलगा, जावई आणि तो इंडोनेशियन खलाशी अशा तिघांना आणि एका मृतदेहाला घेऊन वाहत राहिली. गस्तीनौका निघून गेली होती. दुसऱ्या एका तैवानी बोटीने तिला दोरीला बांधलं आणि ओढत घराकडे आणलं. 11 मे रोजी ती बेटावर पोचली.

*

15 टनी बोट म्हणजे केवढी, हे कागदावरून कळत नाही. म्हणून मी पालघरच्या किनाऱ्यावरच्या सातपाटीला गेलो. बंदरावर एक तांडेल काका बोटीची डागडुजी करत होते. साधारण तेवढीच बोट आहे म्हणाले, या बघायला. फळी ओलांडून वर गेलो. मग त्यांनी मागच्या बाजूचं एक झाकण उचललं आणि म्हणाले, “उतरा खाली, डोकं सांभाळा.”

खाली इंजिन. सरळ उभं राहता येत नाही. गुडघे छातीशी घेऊन बसलो तर आणखी दोघांना जेमतेम जागा उरली असती. डिझेल, जुनं ग्रीस आणि माशाचा मुरलेला वास. बाजूच्या फळीवर हात ठेवला तर पलीकडे पाणी आपटत असल्याचं हाताला कळत होतं. दोन बोटं जाडीची फळी आणि तिच्यावर फायबरचा थर, बस्स. गोळी अडवील असं त्या बोटीत काहीही नव्हतं. अडवलं असतं तर इंजिनाच्या लोखंडानेच.

काकांनी वरून इंजिन चालू केलं. ते काहीतरी विचारत होते. मला फक्त त्यांचे ओठ हललेले दिसत होते.

बंद केल्यावर म्हणाले, “हेच विचारत होतो, ऐकू येतं का म्हणून. कुणी लाउडस्पीकरवर थांबा म्हणालं तरी इथे काय कळणार?”

हे मी मुद्दाम लिहितोय. अशा प्रत्येक प्रकरणात पहिल्या दिवशी एक वाक्य ठरलेलं असतं: आम्ही थांबायला सांगितलं, ते थांबले नाहीत. फिलिपिन्सच्या तटरक्षक दलाने त्याच्या पुढचंही एक सांगितलं. तैवानी बोट आमच्या अंगावर धडकायला आली, आधी इशाऱ्याचे बार काढले, मग इंजिन बंद पाडण्यासाठी गोळ्या झाडल्या, जवानांनी कर्तव्य केलं. कुणी मेलं असेल तर सहानुभूती आहे, पण माफी मागण्याचं कारण नाही, अशी त्यांच्या प्रवक्त्याची पहिली भूमिका होती. एका बाजूला तीस मीटरची नौका, दुसऱ्या बाजूला निम्मी-शिम्मी बोट. कोण कुणावर धडकेल? पण पहिल्या दिवशीच्या वाक्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्या दिवशी घडल्या प्रसंगाची एकच बाजू बोलत असते. दुसरी बाजू समुद्रात दोरीला बांधून ओढली जात असते.

*

तैवानचे राष्ट्राध्यक्ष मा यिंग-जिऊ यांनी 11 मेच्या रात्री फिलिपिन्सला 72 तासांची मुदत दिली. मागण्या चार होत्या. अधिकृत माफी, नुकसानभरपाई, दोषींचा तपास करून शिक्षा, आणि मासेमारीबाबत वाटाघाटी सुरू करणं. तैवानच्या रस्त्यांवर संताप होता. मा यांच्यावर विरोधकांचं दडपण होतं. त्यात महिनाभरापूर्वीच, 10 एप्रिलला, तैवानने जपानशी मासेमारीचा करार केला होता. जो देश जपानशी पाण्याची वाटणी करू शकतो, तो मनिलापुढे का झुकेल, असा सूर होता.

मनिलाची परिस्थिती वेगळी होती. 13 मे रोजी तिथे मध्यावधी निवडणूक होती. 72 तासांची मुदत नेमकी तिच्यावरून जात होती. शिवाय जानेवारीतच फिलिपिन्सने दक्षिण चीन समुद्रावरून चीनविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे दावा दाखल केला होता. आपल्या समुद्रात घुसणाऱ्यांशी कठोर राहायचं, ही त्या सरकारची देशातली प्रतिमा होती. आणि सगळ्यांत अवघड गाठ तिसरीच होती. फिलिपिन्सच्या सरकारने तैवानच्या सरकारची अधिकृत माफी मागितली, तर ‘तैवानचं सरकार’ असं काही अस्तित्वात आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं. त्यातच बीजिंगनेही या हत्येचा कडक शब्दांत निषेध केला. मेलेला माणूस आमचा तैवानी बांधव आहे, असं म्हणत. म्हणजे एका म्हाताऱ्या कोळ्याच्या मृतदेहावर दोन राजधान्या हक्क सांगत होत्या, आणि तिसरीला माफी कुणाच्या नावे मागावी हे सुचत नव्हतं.

इथे मला मराठीतले तीन शब्द आठवतात. खेद, दिलगिरी, माफी. आपण ते एकाच अर्थाचे असल्यासारखे वापरतो, पण तसे ते नाहीत. ‘कळविण्यास खेद वाटतो’ हे नोकरीचा अर्ज फेटाळतानाही लिहितात. त्यात लिहिणाऱ्याचं काहीच जात नाही. दिलगिरी ‘व्यक्त’ केली जाते, बहुधा प्रसिद्धिपत्रकात, आणि तिथे चूक कुणाची हे मोघम राहू शकतं. माफी मात्र मागावीच लागते, म्हणजे ती देणारा कुणीतरी समोर असावा लागतो आणि मागणाऱ्याने स्वतःकडे बोट दाखवलेलं असावं लागतं. राजनैतिक पत्रव्यवहाराची सारी कसरत या तीन पायऱ्यांवर चालते. कुठल्याही देशाला पहिली पायरी चढायला पाच मिनिटं लागतात, तिसरी चढायला कधी कधी पिढी जाते.

15 मेच्या पहाटेपर्यंत तैपेईत हेच चाललं होतं. मनिलाहून आलेल्या मजकुरात माफीचा शब्द होता. राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो आकिनो यांचे व्यक्तिगत प्रतिनिधी म्हणून मनिला आर्थिक आणि सांस्कृतिक कार्यालयाचे अध्यक्ष अमादेओ पेरेझ यांनी राष्ट्राध्यक्षांचा आणि फिलिपिनो जनतेचा खेद आणि माफी कुटुंबाला आणि तैवानच्या लोकांना कळवली. पण मृत्यूला जोडलेलं विशेषण होतं ‘अभावितपणे घडलेला’. तैवानला तेच टोचलं. तपास पुरा होण्याआधीच हेतू नव्हता हे कसं ठरलं? 45 भोकं पाडून झालेला मृत्यू अभावित कसा? आणि ‘सरकारतर्फे’ हा शब्द कुठे आहे? पंतप्रधान जिआंग यी-हुआ यांनी ही माफी अपुरी ठरवली. पेरेझ स्वतः तैवानला आले, पण परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांना भेट नाकारली.

मला वाटतं, तैवान त्या विशेषणाबाबत बरोबर होता. माफी मागताना आपणच आपल्याला निर्दोष ठरवायचं, हे कुठल्याच कुटुंबाने ऐकून घेऊ नये. पण त्यानंतर जे झालं त्याबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

*

15 मेला दोन टप्प्यांत तैवानने एकूण 11 निर्बंध जाहीर केले. मनिलातला आपला प्रतिनिधी परत बोलावला. फिलिपिन्सच्या प्रवासाविरुद्ध लाल इशारा काढला. उच्चस्तरीय भेटी थांबवल्या. विमानसेवा, विज्ञान, मत्स्यव्यवसाय यांतलं सहकार्य थांबवलं. 16 मेला नौदल आणि तटरक्षक दल यांनी दक्षिणेच्या समुद्रात संयुक्त सराव केला. हे सगळं सरकारांनी सरकारांना दाखवायचं. खरा घाव यादीत सगळ्यांत वर होता: फिलिपिनो कामगारांची भरती बंद.

तेव्हा तैवानमध्ये सुमारे 87,000 फिलिपिनो काम करत होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत रात्रपाळीला, म्हाताऱ्यांच्या उशाशी सेवेला, आणि मासेमारीच्या बोटींवरसुद्धा. यांतल्या एकानेही बंदूक धरलेली नव्हती. पण त्या आठवड्यात फिलिपिन्सच्या तैपेईतल्या कार्यालयाने त्यांना सांगितलं की शक्यतो बाहेर पडू नका. मारहाणीच्या, दुकानातून हाकलून दिल्याच्या बातम्या येत होत्या. काही खऱ्या होत्या, काही नंतर बनावट निघाल्या. अफवेचीही भीती खरीच असते. रविवारी चर्चला जाणं आणि स्टेशनाजवळ जमून गावाकडची भाषा मनसोक्त बोलणं, एवढीच ज्यांची सुट्टी, त्यांनी ती वसतिगृहाच्या खोलीत काढली. खुद्द मा यांना आपल्या नागरिकांना सांगावं लागलं की फिलिपिनो कामगारांवर राग काढू नका. आणि तिकडे मनिलात तैवानच्या नोकरीसाठी एजंटाच्या दारात बसलेल्यांची वाट अडीच-तीन महिन्यांनी लांबली.

या प्रकरणावर जे काही वाचायला मिळालं, त्यात सगळ्यांत जास्त मी इथे अडखळलो. गोळी लागली ती कोळ्याला. शिक्षा पहिल्यांदा झाली ती दुसऱ्या देशाच्या मजुराला. हा योगायोग नाही. दोन देश भांडतात तेव्हा एकमेकांना दुखवण्यासाठी हाताशी काय असतं? दुसऱ्या देशाची जी माणसं आपल्या ताब्यात असतात ती. आणि परक्या देशात अशी सापडणारी माणसं नेहमी तीच असतात, पोटासाठी आलेली. तैवानच्या बाबतीत ती कारखान्यात होती. आपल्याकडे आणि पाकिस्तानात ती तुरुंगात असतात. त्याकडे मी येणारच आहे.

त्या बोटीवरच्या इंडोनेशियन खलाशाविषयी मला फार थोडं सापडलं. तोही त्याच गोळीबारात होता, त्याच्याही अंगावरून त्याच गोळ्या गेल्या. पण त्याचा देश या भांडणात कुठेच नव्हता. त्यामुळे त्याच्यासाठी कुणी 72 तासांची मुदत दिली नाही.

*

मग हळूहळू तपास सुरू झाला. पहिल्यांदा तैवानचं पथक मनिलाला गेलं आणि फारसं काही हाती न लागता परतलं. मेच्या शेवटी तोडगा निघाला. दोघांनी आपापला तपास करायचा, पण एकमेकांना पुरावे पाहू द्यायचे. फिलिपिन्सच्या राष्ट्रीय तपास संस्थेची माणसं तैवानला येऊन बोट बघून गेली. तैवानची माणसं मनिलाला जाऊन बंदुका आणि गस्तीनौकेवर घेतलेलं चित्रीकरण बघून आली. म्हणजे सार्वभौमत्वाच्या सगळ्या आरोळ्यांनंतर शेवटी काम झालं ते भोकं, बंदुका आणि फीत एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या तंत्रज्ञांकडून.

7 ऑगस्टला फिलिपिन्सच्या न्यायमंत्री लैला दे लिमा यांनी निष्कर्ष जाहीर केले. आपल्याच तटरक्षक दलाच्या आठ जणांवर मनुष्यवधाचा खटला चालवावा, अशी शिफारस होती. तपासात अडथळा आणल्याबद्दल काहींवर वेगळी कारवाई सुचवलेली होती. ‘धडकायला आले होते’ ही पहिल्या दिवशीची गोष्ट त्यांच्याच देशाच्या तपास संस्थेपुढे टिकली नाही.

दुसऱ्या दिवशी, 8 ऑगस्टला, पेरेझ पुन्हा तैवानला आले. मेमध्ये ज्यांना दारातून परत पाठवलं तेच गृहस्थ. पद तेच, राष्ट्राध्यक्षांचे व्यक्तिगत प्रतिनिधी. ‘सरकारतर्फे’ हा शब्द याही वेळी नव्हता. ते थेट श्याओ ल्यूच्यूवर त्या घरी गेले, कुटुंबाची माफी मागितली. कुटुंबाने ती ऐकून घेतली. त्या रात्री तैवानने सगळे निर्बंध उठवले.

मे आणि ऑगस्टच्या माफीत शब्दांचा फरक फार मोठा नव्हता. फरक हा होता की ऑगस्टमध्ये माफीच्या मागे आठ नावं होती.

खटला मात्र रेंगाळला. 2014 मध्ये आरोपपत्र दाखल झालं. निकाल लागायला सप्टेंबर 2019 उजाडलं. मनिलाच्या न्यायालयाने आठही जणांना मनुष्यवधासाठी दोषी ठरवून सुमारे 8 ते 14 वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. आपल्याच गणवेशातल्या माणसांना, मान्यताही न दिलेल्या देशाच्या एका कोळ्यासाठी, आपल्याच न्यायालयाने शिक्षा करणं ही साधी गोष्ट नाही. फिलिपिन्सबद्दल त्या मे महिन्यात जे जे बोललं गेलं त्याच्या जोडीला हेही सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्याजवळ 15 फेब्रुवारी 2012 ला ‘एन्रिका लेक्सी’ या तेलवाहू जहाजावरच्या इटालियन नौसैनिकांनी दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या. ते प्रकरण 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 10 कोटी रुपयांच्या भरपाईवर मिटलं. त्या नौसैनिकांवर खटला भारतात चालवायचा अधिकार त्याआधीच लवादाने नाकारला होता. पैसे मिळाले. गोळी झाडणाऱ्याचा दोष कुठल्या न्यायाधीशाने वाचून दाखवला नाही.

*

निकालापेक्षाही महत्त्वाचा एक कागद मात्र त्याआधीच झाला होता. 5 नोव्हेंबर 2015 ला तैवान आणि फिलिपिन्सच्या त्या दोन ‘सांस्कृतिक’ कार्यालयांनी मासेमारीच्या अंमलबजावणीबाबत एक करार केला. सीमा ठरली नाही. मान्यता मिळाली नाही. दोघांचे 200 मैल आजही एकमेकांवर चढलेले आहेत. पण तीन गोष्टी लिहून झाल्या. मच्छीमारांवर अनावश्यक बळ वापरायचं नाही. हक्क एकमेकांवर चढलेल्या पाण्यात कारवाई करायची असेल तर एक तास आधी दुसऱ्या बाजूला कळवायचं. आणि बोट पकडलीच तर दंड भरून घेऊन तीन दिवसांत सोडायची.

एक तास. माझ्या सगळ्या टिपणांत मी याच ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे. भलीमोठी तत्त्वं तिथे आधीपासून होतीच. 1999 मध्ये ‘सायगा’ जहाजाच्या खटल्यात समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने स्पष्ट म्हटलं होतं की समुद्रावर बळाचा वापर होता होईतो टाळावा, करावाच लागला तर वाजवी आणि आवश्यक तेवढाच. आधी खुणा, मग नाकासमोरून इशाऱ्याचा बार, आणि हे सगळं फसलं तरच पुढचं. बालिंतांगमधल्या जवानांच्या प्रशिक्षणातही हे कुठेतरी असेलच. पण तत्त्व समुद्रावर त्या क्षणी कुणाच्या हाताला धरत नाही. फोन धरतो. एका तासात तैवानचं तटरक्षक दल आपल्या बोटीला वायरलेसवर सांगू शकतं: थांब, किंवा नीघ. इंजिनाच्या आवाजात ऐकू न येणारा लाउडस्पीकर आणि ओळखीच्या आवाजात घरच्या भाषेत आलेला निरोप, यांत बोटीवरच्या माणसासाठी जगण्या-मरण्याचा फरक आहे.

*

आता आपल्या समुद्राकडे.

कच्छच्या टोकाला असलेल्या सर क्रीक खाडीची 96 किलोमीटरची पट्टी भारत-पाकिस्तानात वादात आहे, त्यामुळे तिथून समुद्रात जाणारी सीमाही ठरलेली नाही. गुजरातच्या बोटींना खलाशी लागतात आणि पालघर, डहाणू, तलासरीच्या पाड्यांना काम लागतं. इथली मासळी, विशेषतः सातपाटीचं पापलेट, पूर्वीसारखी राहिलेली नाही. मालकाकडून उचल घ्यायची, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे ओखा-पोरबंदर-वेरावळची वाट धरायची, आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. रेषा कुठे आहे हे खलाशाला माहीत नसतं, बोट कुठे न्यायची हे त्याच्या हातात नसतं. पकडला मात्र तोच जातो.

1982 च्या समुद्री कायद्याच्या कराराचं कलम 73 सांगतं की आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडणाऱ्या परदेशी बोटीला आणि खलाशांना वाजवी हमी घेऊन लवकर सोडावं, आणि दोन्ही देशांत वेगळा करार नसेल तर तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये. भारताने हा करार 1995 मध्ये, पाकिस्तानने 1997 मध्ये मान्य केला. तरीही दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात आणि त्यात मच्छीमारांचा वेगळा रकाना असतो. 1 जुलै 2025 च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात 193 भारतीय मच्छीमार होते, भारताच्या ताब्यात 81 पाकिस्तानी. मार्च 2024 मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्याचा मृतदेह घरी पोचायला कित्येक आठवडे लागले.

या 193 आणि 81 जणांकडे बघताना मला तैवानच्या वसतिगृहांत रविवार काढणारे फिलिपिनो दिसतात. संबंध बिघडले की यांची सुटका लांबते, सुधारले की सणासुदीला सद्भावनेखातर काहींना सोडून देतात. सद्भावना कसली? कायद्याने जे हक्काचं आहे त्यालाच आपण भेट म्हणतो.

दोन्ही बाजूंच्या तटरक्षक यंत्रणांमध्ये 2005 मध्ये संपर्काचा करार झाला. म्हणजे फोनची तार जोडली गेली. तैवान आणि फिलिपिन्समध्ये आहे तसा मासेमारीचा करार मात्र नाही. कारण विचारलं की सर क्रीकचं नाव पुढे येतं: आधी सीमा, मग बाकीचं. पण बालिंतांगमध्येही सीमा ठरलेली नव्हती. तिथे तर एक देश दुसऱ्याला देशच मानत नव्हता. तरी तो कागद झाला.

सातपाटीहून निघण्याआधी मी तांडेल काकांना या कराराबद्दल सांगितलं. तीन दिवसांत सोडण्याच्या अटीवर ते काहीच बोलले नाहीत, नुसती मान हलवली. एक तासावर मात्र थांबले. बोटीच्या कडेला टेकून त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

“खबर आली आणि दालदा, म्हणजे आमचं जाळं, पाण्यात असला, तर तासात सगळा नाही निघणार,” ते म्हणाले. “अर्धा ओढायचा, अर्धा कापून टाकायचा. आणि इंजिन आधी चालू करून ठेवायचं.”